साईच्या रंगाची गिटार

काळी लाकडी पेटी. आत लाल मखमल, मखमलीत गिटारच्या आकाराचा खळगा. खळग्यात गिटार नाही.

*

विमलाबाईंनी वांगी फोडणीला टाकली आणि भिकनने हाक मारली म्हणून हात न धुताच बाहेर आल्या.

*

कॅलेंडर काढलं की भिंत तरुणपणी कशी दिसायची ते कळतं.

*

‘श्री. भिकन कारभारी पगारे यांची लिपिक पदावर नेमणूक करण्यात येत असून त्यांनी पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला सोमवारपर्यंत सादर करावा.’

*

सटाण्याहून येताना टेंपोत जागा नसली की वाजवणारी मंडळी कांद्याच्या गोण्यांवर बसतात.

*

“दुकानात पांढरीही होती. मी घेतली नाही. पांढऱ्यावर डाग दिसतो.”

पाणी

स्टिकर काढायचं म्हटलं की माणूस आधी पाणी मारतो. पाण्याने वरचा कागद निघतो. चिकटा जागचा हलत नाही. १९८४ च्या मार्चमधल्या त्या रविवारी सकाळी भिकनच्या दारात जे भांडण झालं ते असंच होतं. कागद फाटला, चिकटा राहिला.

शेजारच्या नवसाबाईंचा निरोप भांडी बाजारात पोचला तेव्हा सुमनबाई एका हंड्यावर नाव घालत होत्या. लग्नसराई तोंडावर आलेली, हंडा आहेराचा, आणि नाव अर्धंच झालेलं. तरी त्यांनी यंत्राची टरटर थांबवली, दोऱ्याने बांधलेला चष्मा कपाळावर सरकवला आणि रिक्षा केली. भिकन त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर त्याच्या फीच्या पावत्यांपासून शर्टाच्या मापापर्यंत सगळं त्यांनीच पाहिलेलं.

“अक्का, लय वाईट बोलला तो मानूस,” विमलाबाई दारातच म्हणाल्या. त्या चांदवडकडच्या. रागावल्या की नाशिकची पंचवीस वर्षं गळून पडायची आणि माहेरची बोली वर यायची. “माझ्या दारात हुबा राहून माझ्या पोराला चोर म्हनला. समदी कॉलनी ऐकत व्हती.”

“कोण?”

“त्यो नवतरंग ऑर्केस्ट्राचा मालक. ढुंढिराज.”

झालं होतं ते एवढंच : चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला लाउडस्पीकर ढुंढिराजांकडून घ्यायचे ठरले होते. ते भाच्याला घेऊन जागा बघायला कॉलनीत आले. समोर ओट्यावर भिकन इलेक्ट्रिक गिटारच्या तारा जुळवत बसलेला. जयंतीच्या गाण्यांना या वर्षी पहिल्यांदाच अशी गिटार असणार म्हणून पोरासोरांची गर्दी. ढुंढिराजांनी गिटार पाहिली आणि ते किंचाळले. त्यांची गिटार जानेवारीत चोरीला गेली होती. तोच आकार, तोच साईसारखा पिवळसर रंग. त्यांच्या गिटारवर जिथे ऑर्केस्ट्राचं गोल स्टिकर होतं, नेमका तिथेच इथे एक ताजा गोल डाग. आणि स्टिकर भिकनने आदल्याच दिवशी काढलेलं.

“पाच वाजेपर्यंत गिटार माझ्या दारात आली नाही, तर मी चौकीत जाणार,” असं सांगून ते निघून गेले.

भिकन आत खाटेवर बसला होता. हातात नेमणुकीचा कागद. घडीवर घडी घालून त्याने तो काडेपेटीएवढा केला होता.

“देऊन टाकू का आत्या? गिटार गेली तर गेली. दाखला तरी मिळेल.”

“दिलीस तर चोरी कबूल केली म्हणतील,” सुमनबाई म्हणाल्या. “आण ती इकडे.”

घड्याळात साडेबारा वाजले होते.

खोबरेल

खोबरेलाला घाई चालत नाही. लावून ठेवायचं, आणि मग अंगठ्याने हळूहळू गोल फिरवत राहायचं. सुमनबाईंची विचारायची पद्धतही तीच. भांड्यावरचं घासून काढलेलं नाव वाचायला एकदा फौजदारसुद्धा त्यांच्याकडे आला होता. त्यालाही त्यांनी आधी चहा पाजला आणि मग हंडा हातात घेतला.

“कुणाकडून घेतलीस?”

“देवळाली कॅम्पातल्या पिंटोबाईंकडून. त्यांच्या नवऱ्याची. ते गेले. बाई आता गोव्याला लेकीकडे गेल्या. घराला कुलूप आहे, पत्ता कुणाला माहीत नाही.”

“पावती?”

“जुन्या वस्तूची पावती कोण देतं आत्या?”

“नंबर, कारखान्याचं नाव?”

“काही नाही. असल्या कलकत्त्याहून ढिगाने येतात. एक झाकावी, दुसरी काढावी.”

“स्टिकरवर काय होतं?”

“काहीच नाही. चित्र पार उडालेलं. नुसता मळका गोल कागद.”

“तो कुठंय?”

विमलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “बंबात घातला की म्या.”

सुमनबाईंनी गिटार मांडीवर आडवी घेतली. पिवळसर अंगावर दुधासारखा पांढरा गोल, कडा अगदी रेखीव. आणि त्या कडेवर, निम्मे आत निम्मे बाहेर, लालसर डाग. एका बाजूला चार, समोरून एक.

“आणि हे लाल?”

“तेच तर!” भिकन उठून उभा राहिला. “ढुंढिराजांचा भाचा आहे ना, गंगाधर, तो म्हणाला, हे कुंकू. आमच्या खंडेनवमीच्या पूजेचं. मीच लावलं होतं, म्हणे. तुमच्यात कुठं कुंकू लावतात, असं पण म्हणाला. त्यावर काय बोलणार? आपण खरंच लावत नाही.”

“स्टिकर काढलंत कसं? पहिल्यापासून सांगा.”

“मी आधी पाणी लावलं. मग आईला हाक मारली.”

“म्या खोबरेल लावलं,” विमलाबाई म्हणाल्या. “नव्या ताटावरचं काढतेत तसं. दाबून दाबून खरवडलं. मग यानं राकेलनं पुसलं. घरभर वास! म्हनून मंग म्या साबन लावून धुतलं. कापडं धुवायचा निळा साबन.”

“लाल डाग कधी दिसले?”

विमलाबाईंनी बोटांवर एकेक मोजून पाहिलं.

“साबन लावल्यावर,” विमलाबाई हळूच म्हणाल्या. “आधी नव्हते वो.”

सुमनबाईंनी भावजयीचा हात हातात घेतला आणि उलटा केला. नखांच्या कडांना अजून पिवळं होतं.

“काल कालवण कशाचं होतं वहिनी?”

“वांग्याचं. आता वांगी कुठनं आली मदी?”

“कुठनं नाही. एक लिंबू द्या. आणि खोबरेलाची बाटली पण.”

रॉकेल

गंगापूर रोडवरच्या बंगल्यामागे ढुंढिराजांनी तालमीची खोली बांधली होती. सुमनबाई पोचल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. गिटार चादरीत गुंडाळून भिकनने छातीशी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी.

ढुंढिराज पन्नाशीचे, गोरे, आवाज माइक नसताना माइक असल्यासारखा. “आलात? उत्तम. ठेवा तिथे आणि निघा. मी चौकीत जात नाही. विषय संपला.”

“विषय आत्ता उघडलाय,” सुमनबाई म्हणाल्या. “मी याची आत्या. भांडी बाजारात नावं घालते. बसू का?”

त्या बसल्याच. ढुंढिराजांच्या पत्नी सरोजिनीबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पाण्याचे दोन पेले पुढे केले. भिंतीला टेकून गंगाधर उभा होता. तिशीचा, बोटं लांब, नजर जमिनीला. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला तोच.

“तुमची गिटार कशी होती ते सांगा,” सुमनबाई म्हणाल्या.

“कशी म्हणजे? ही! हीच!” ढुंढिराजांनी कोपऱ्यातली बेस गिटार उचलली. लांब मानेची, जाड तारांची. तिच्या अंगावर ‘नवतरंग’ असं लाल अक्षरांतलं गोल स्टिकर. “ब्याऐंशीच्या दिवाळीत मी मुंबईहून जोडी आणली. ही बेस आणि ती. एका कारखान्याची, एका रंगाची. हा रंग मी निवडलाय, बाई. साईचा रंग. दुकानात पांढरीही होती. दुकानदार म्हणाला, साहेब, पांढरी घ्या, उठून दिसेल. मी घेतली नाही. पांढऱ्यावर डाग दिसतो. दोन्हींवर स्टिकर एकाच दिवशी लावलं, याच हातांनी. आता बघा आणि सांगा, फरक आहे?”

रंगात फरक नव्हता. दोन्ही गिटार शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी.

“खरं आहे,” सुमनबाई म्हणाल्या. “रंग अगदी एक आहे.”

“आत्या!” भिकन म्हणाला.

“तू गप. चोरी कशी झाली?”

उत्तर गंगाधरने दिलं. “जानेवारीत सटाण्याला कार्यक्रम होता. संपल्यावर गिटार पेटीत घातली, पेटी इथे आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर रिकामी.”

“मधे पेटी कुठे उघडली नव्हती?”

“नाही.”

“खोलीचं कुलूप?”

“शाबूत.”

“किल्ली?”

“एक मामांकडे, एक माझ्याकडे.”

सरोजिनीबाईंनी सुस्कारा सोडला. “दोन महिने घरात हाच जप चाललाय हो. यांनी ढोलकीवाल्यावर संशय घेतला, ड्रायव्हरवर घेतला. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा विचारलं. तो तेव्हापासून आलेला नाही.”

“ती पेटी बघायला मिळेल?”

गंगाधर पहिल्यांदाच वर बघून म्हणाला, “पेटीत काय बघायचंय? ती तर रिकामी आहे.”

साबण

पेटी रिकामी नव्हती.

सुमनबाईंनी चष्मा खाली घेतला आणि लाल मखमलीवरून बोटं फिरवली. खळग्याच्या तळाशी, जिथे गिटारची मान टेकते तिथे, मखमलीच्या दोऱ्यांत काहीतरी कुरकुरलं. त्यांनी ते चिमटीत धरून बाहेर काढलं. कांद्याचं वाळलेलं टरफल. आणखी एक. तीन. सगळी त्यांनी पदराच्या टोकात बांधली आणि पेटीचं झाकण लावलं. झाकणावर मधोमध कुंकवाचं वाळलेलं बोट होतं.

“गंगाधरभाऊ, एक सांगा. या गिटारवर कुंकू आहे म्हणालात. तुम्हीच लावलं होतं?”

“हो. खंडेनवमीला. वाद्यांची पूजा करतो आम्ही.”

“पाच बोटांनी?”

सुमनबाईंनी भिकनची गिटार उजेडात धरली. “वहिनींनाच आणायला हवं होतं, पण त्यांचा पंजा माझ्याएवढाच आहे. बघा.” त्यांनी आपला उजवा हात डागांवर ठेवला. चार बोटं एकीकडे, अंगठा समोरून. “कुंकू लावणाऱ्याचं एक बोट टेकतं. हा खरवडणाऱ्याचा हात आहे. आणि हे डाग गोलाच्या आतही आहेत आणि बाहेरही, सलग. वर स्टिकर असताना बोट आत कसं जाईल?”

“आधी कुंकू लावलं, मग स्टिकर,” गंगाधर घाईने म्हणाला.

“स्टिकर दिवाळीत लावलं ना? आणल्या आणल्या. ते मामा सांगतात. खंडेनवमी त्यानंतर अकरा महिन्यांनी.”

ढुंढिराज खुर्चीत सावरून बसले. “पण मग ते लाल काय आहे?”

सुमनबाईंनी पिशवीतून लिंबू काढलं. “सरोजिनीताई, सुरी आहे का?”

सव्वाचार झाले होते.

लिंबू

लिंबाचा थेंब डागावर पडला, आणि खोलीतल्या पाचही जणांच्या देखत लाल बोट पिवळं झालं.

“हळद!” सरोजिनीबाई एकदम हसल्या. “अगं बाई, हळदच ही! यांच्या पांढऱ्या शर्टाला दर वेळी होतं. वरणाचा डाग, साबण लावला की लालभडक.”

“आमच्या वहिनी काल वांगी फोडणीला टाकून तशाच उठल्या. हळदीच्या हातांनी चिकटा खरवडला आणि वर साबण लावला. झालं कुंकू तयार.”

“पूजेत हळदही लावतात,” गंगाधर पुटपुटला.

“कुठे लावू दिलीत?” सरोजिनीबाई त्याच्याकडे वळल्या. “मी करंडा घेऊन आले तर हे ओरडले, गिटारला हात लावायचा नाही, डाग पडेल! पूजा पेटीची केली आपण. ते काय बोट, झाकणावर. तू होतास की तिथे.”

गंगाधर भिंतीला आणखी टेकला.

“ठीक आहे,” ढुंढिराज म्हणाले. आवाजातला माइक कमी झाला होता. “कुंकू नाही. पण रंग? गोल डाग? तुम्हीच म्हणालात, रंग एक आहे.”

“म्हणाले. आता मला तुमच्या बेसवरचं स्टिकर काढू द्या.”

“छे! खराब होईल ती.”

“झाली तर मला चौकीत न्या.”

खोबरेल लावलं. सुमनबाई अंगठा गोल गोल फिरवत राहिल्या. मग स्टिकरची कड वर आली, लाल ‘नवतरंग’ हळूच सोलून निघालं, आणि त्यांनी पदराने तेल टिपून घेतलं.

खाली साईचाच रंग होता. आजूबाजूला होता तसाच. स्टिकर कुठे होतं ते शोधावं लागलं असतं.

त्यांनी भिकनची गिटार तिच्या शेजारी ठेवली. साईच्या अंगावर दुधाचा पांढराशुभ्र गोल.

“तुमच्या भिंतीवरचं ते जुनं कॅलेंडर काढा, तिथेही असाच तुकडा निघेल. ऊन-धूर लागत नाही तिथे मूळ रंग राहतो. तुमची गिटार जन्माने साईची. झाकलं काय, उघडं ठेवलं काय, साईचीच. ही जन्माने पांढरी. कित्येक वर्षं उन्हाने, धुराने पिवळी होत गेली, स्टिकरखाली तेवढी पांढरी उरली. दुकानदाराची पांढरी तुम्ही घेतली नव्हती ना ढुंढिराजकाका?”

ढुंढिराजांनी वाकून पांढऱ्या गोलावर बोट ठेवलं.

“नाही घेतली,” ते म्हणाले.

भिकन तिथेच जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते सुमनबाईंना कळेना, आणि बहुधा त्यालाही कळत नव्हतं.

“मग माझी कुठे आहे?” ढुंढिराज म्हणाले.

सुमनबाईंनी पदराची गाठ सोडली. कांद्याची तीन टरफलं बेस गिटारवर ठेवली.

“पेटी सटाण्याला बंद केली आणि इथे उघडली, तर ही आत कशी गेली? पेटी कांद्यांवर उघडली होती, टेंपोत. आणि चोर आला, तर गिटार उघडी काखोटीला मारून गेला आणि न्यायला सोयीची पेटी ठेवून गेला? पेटी नको असते ती मोडलेल्या वस्तूला. दोन तुकडे गोणीतही मावतात. किल्ल्या दोन. बोल बाबा गंगाधर. गोणी कुठे आहे?”

गंगाधर बोलला तेव्हा त्याचा आवाज एखाद्या शाळकरी मुलासारखा होता.

“माळ्यावर.”

टेंपोत सगळे म्हणाले, गंगा, वाजव काहीतरी. त्याने पेटी उघडली. वाजवता वाजवता सगळ्यांना झोप लागली, आणि चांदवडच्या उतारावर खड्डा आला, वरची गोणी सरकली ती नेमकी मानेवर. “मामा म्हणाले होते, ओरखडा जरी पडला तर परत हातात टाळसुद्धा देणार नाही. मी घाबरलो. मग आज मामांनी ही पाहिली आणि म्हणाले, हीच. मला वाटलं, सापडली एकदाची. सुटलो.”

“तू सुटलास,” सुमनबाई म्हणाल्या, “आणि याला अडकवलंस.”

गंगाधर भिकनकडे बघू शकला नाही.

सगळे ढुंढिराजांकडे बघत होते. आता फुटणार, असं सरोजिनीबाईंना वाटलं. त्यांनी पेले उचलून घेतले.

“मोडली?” ढुंढिराज म्हणाले. “नुसती मोडली?”

“हो मामा.”

“कुणी चोरली नाही?”

“नाही.”

ढुंढिराजांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली, कपाळ पुसलं, चष्मा पुसला. “गाढवा,” ते म्हणाले, “दोन महिने मी घरात आलेल्या प्रत्येक माणसाच्या हातांकडे बघतोय! सरोजिनी, तुझ्या भावाला आज जेवायला बोलव.” आणि ते इतके मोठ्याने हसले की बेसची जाड तार आपोआप घुमली.

“मान सरसाने चिकटते,” भिकन खालूनच म्हणाला. “सुताराकडून पाचर मारून घेतली तर सूरही टिकतो. मी बघितलंय.”

पाचला दहा कमी होते.

“मुला, मी तुझी माफी—” ढुंढिराज सुरू झाले.

सुमनबाईंनी हात वर केला. “इथे नको. चोर म्हणालात ते त्याच्या आईच्या दारात म्हणालात, सगळी कॉलनी ऐकत असताना. शब्द तिथेच परत न्या. आणि जरा मोठ्याने. तुम्हाला माइक लागत नाही.”

ऊन

सहाच्या सुमारास ढुंढिराजांची मोटार कॉलनीत शिरली. मागे सायकलवर गंगाधर. नवसाबाई ओट्यावर आल्या, पलीकडच्या कुसाबाई आल्या, नळावरची रांग मोडली. ढुंढिराजांनी विमलाबाईंपुढे हात जोडले आणि तीन घरांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की चूक त्यांची होती, पोराची नव्हती, आणि चौदा एप्रिलचे लाउडस्पीकर त्यांच्याकडून असेच, पैसे न घेता.

विमलाबाईंनी त्यांना पुरती तीन मिनिटं उभं ठेवलं.

“बसा,” मग त्या म्हणाल्या. “च्या ठिवते. आन् तुमी वो,” गंगाधरला, “तुमी सायकलला धरून काय हुबे? तुमाला काय आवतन पायजे?”

गंगाधर ओट्याच्या कडेला बसला. त्याच्या हातात चहाची बशी आली तेव्हा भिकनने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “खालची तार जुळत नाही. बघा जरा.”

दुसऱ्या दिवशी भिकनने दाखला आणला. त्याच्या घड्या घातल्या नाहीत. गिटारवरची हळदीची बोटं विमलाबाईंनी ती चार दिवस अंगणात ठेवून उन्हाला खाऊ घातली. हळदीला ऊन सोसत नाही. पांढरा गोल मात्र राहिला.

“दुसरं स्टिकर लाव की त्याच्यावर,” सुमनबाई म्हणाल्या. त्या जाता जाता डोकावल्या होत्या. बाजारात आणखी एक हंडा अर्ध्या नावाने पडून होता. “नाहीतर दे, माझ्या यंत्राने नाव घालून देते. परत कुणी विचारायला नको.”

“नको आत्या,” भिकन म्हणाला. “राहू दे उघडा.”

*

१९७१ सालच्या नाताळात देवळाली कॅम्पात पिंटोसाहेबांनी नव्या कोऱ्या पांढऱ्या गिटारवर पतंगाच्या चित्राचं एक गोल स्टिकर चिकटवलं. त्याखाली झाकण्यासारखं काहीच नव्हतं.